नंबर कितवा?

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठी आकडे एकोणीसच्या पुढे गेले की माझी गाडी अडते. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर काकांनी ‘एकोणतीस!’ असा पुकारा केला की ट्वेंटी-नाइन की थर्टी-नाइन, हा हिशेब मी मनात करत बसते आणि तोवर तिसावा पेशंट आत शिरलेला असतो. त्यामुळे त्या रांगेशी माझं जुनं वैर आहे.

टी.ई.ला ‘ऑपरेशन्स रिसर्च’मध्ये ‘क्यूइंग थिअरी’ आली आणि सरांनी असाइनमेंट दिली : एक खरी रांग बघा आणि तिचा अभ्यास करा. बाकीच्यांनी कॅन्टीन घेतलं. मी दवाखाना घेतला, कारण आजोबांना त्या आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचंच होतं. तिथे काय झालं ते पुढे सांगते. आधी थोडी थिअरी. घाबरू नका, एकच गुणाकार आहे!

रांग लागते कशी?

या शास्त्राची सुरुवात टेलिफोनपासून झाली. कोपनहेगनमधल्या ए. के. एरलांग यांनी १९०९ साली टेलिफोन कॉल्सच्या गणितावर पहिला निबंध लिहिला. मुद्दा सोपा आहे. लोक ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाला लागणारा वेळही सारखा नसतो. या दोन्हींतल्या अनियमितपणामुळे रांग लागते. डॉक्टर हळू काम करतात म्हणूनच लागते असं नाही.

आता आपला दवाखाना घ्या. वेळ संध्याकाळी ६ ते ९. एका पेशंटला सरासरी ६ मिनिटं धरू, म्हणजे तासाला जास्तीत जास्त १० पेशंट. तासाला ८ पेशंट येत असतील तर डॉक्टर ८० टक्के वेळ कामात असतात. सगळ्यात साध्या मॉडेलप्रमाणे (एम/एम/१) प्रत्येकाला सरासरी २४ मिनिटं थांबावं लागतं. तासाला ९ आले तर ५४ मिनिटं! जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की थांबलेली माणसं म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा वेळ. त्यानुसार पहिल्या वेळी बाकावर साधारण ३ माणसं असतात, दुसऱ्या वेळी ८. तासाला एकच पेशंट वाढला आणि बाक भरला.

हे मॉडेल असं धरतं की पेशंट आपल्या मर्जीने केव्हाही येतात आणि रांग बराच वेळ चालू आहे. तीन तासांच्या दवाखान्यात प्रत्यक्ष आकडे कमी भरतील, पण दिशा हीच.

नंबर म्हणजे वेळ नव्हे

आपल्याकडे ‘नंबर लावतात’. सकाळी फोन करायचा, नंबर घ्यायचा. पण नंबराने फक्त क्रम कळतो, वेळ कळत नाही. म्हणून सत्ताविसावा पेशंटसुद्धा सहालाच येऊन बसतो. न जाणो, पुढचे आलेच नाहीत तर?

नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये ब्रिटनमधल्या हॉस्पिटलच्या ओपीडीचा असाच अभ्यास केला. त्यांचा तोडगा असा : सुरुवातीला दोघांना बोलवा, म्हणजे डॉक्टर रिकामे बसणार नाहीत. मग तपासायला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला बोलवा. अपॉइंटमेंट म्हणजे श्रीमंती थाट नव्हे, येण्यातला अनियमितपणा कमी करायची ती एक युक्ती आहे.

एवढं लिहून मी असाइनमेंट संपवणार होते.

त्या संध्याकाळी

आजोबांचा नंबर एकोणीस होता. मी शेजारी वही घेऊन बसले होते. कोण केव्हा आलं, आत किती मिनिटं होतं, सगळं लिहीत होते. रिपोर्ट दाखवायला आलेला दोन मिनिटांत बाहेर, नवीन तक्रार असलेल्या बाई पंधरा मिनिटं आत. मध्ये औषध कंपनीचे दोन एम.आर. जाऊन आले, तेही लिहिलं. आजोबा गप्प होते. मी विचारलं, ‘‘बरं वाटतंय ना?’’ म्हणाले, ‘‘जरा छाती भरल्यासारखी वाटतेय. ॲसिडिटी असेल. येईल आपला नंबर, लोकं खोळंबलीयेत.’’ मी ‘बरं’ म्हटलं आणि चौदाव्या पेशंटची वेळ लिहिली.

कंपाउंडर काका औषधाच्या पुड्या बांधत होते. त्यांनी सहज वर पाहिलं. आजोबांचा शर्ट घामाने ओला झाला होता आणि पंखा तर चालू होता. काकांनी नंबर विचारला नाही. दंडाला धरून थेट आत नेलं. ईसीजी झाला, हॉस्पिटलला नेलं, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली.

आजोबा आता छान आहेत. माझ्या वहीत मात्र त्या पानावर सगळ्यांच्या वेळा आहेत आणि शेजारी बसलेल्या माणसाचा घाम नाही. पुस्तकात ‘क्यू डिसिप्लिन’ म्हणून दोन ओळी असतात : आधी येईल तो आधी, किंवा प्राधान्याने. मी त्या ऑप्शनला टाकल्या होत्या. पहिला आलेला पहिला, हा नियम रेशनच्या रांगेत न्याय्य आहे. दवाखान्यात तो अर्धाच न्याय आहे.

मग काय केलं?

मी आणि काकांनी मिळून नवी डायरी आखली. डॉक्टर आधी हसले : ‘‘अगं, पेशंट घड्याळ बघून आजारी पडतात का?’’ अगदी बरोबर! म्हणूनच डायरी गच्च भरायची नाही. अर्ध्या तासात ५ जण मावतात, तिथे ४ नावं लिहायची. ४ गुणिले ६ म्हणजे २४ मिनिटं. उरलेली ६ मिनिटं तातडीच्या पेशंटसाठी, नाहीतर झालेला उशीर भरून काढायला. काका फोनवर आता ‘नंबर सत्तावीस’ म्हणत नाहीत, ‘साडेसात ते आठमध्ये या’ म्हणतात. ‘कशासाठी येताय?’ हेही विचारतात. रिपोर्टवाले दोघं आणि नवीन तक्रारवाले दोघं असे एकत्र बसवले की गणित जमतं. एम.आर. नऊनंतर.

सगळं सुरळीत झालं असं नाही. वेळ घेऊन न येणारे आहेतच. एक जण कळवल्याशिवाय आला नाही की त्याची ६ मिनिटं फुकट जातात आणि तिकडे दुसऱ्याला ‘आज जागा नाही’ सांगितलेलं असतं. म्हणून आपल्याकडूनही थोडं हवं. जमणार नसेल तर फोन करा. जुनी फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. काय होतंय ते फोनवरच सांगा. आणि छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हातातली शक्ती जाणं, बोलताना अडखळणं असं अचानक झालं तर अपॉइंटमेंट घेत बसू नका. १०८ ला फोन करा, ती ॲम्ब्युलन्स मोफत आहे. रांगेत बसल्यावर झालं तर ओरडा. लोक रागावणार नाहीत, उलट बाजूला होतील.

दवाखान्याच्या दारावर आता माझ्या अक्षरात एक बोर्ड आहे : ‘छातीत दुखत असल्यास नंबर न विचारता आत या.’ पहिल्यांदा मी ‘दूखत’ लिहिलं होतं. हॉस्पिटलमधून परत आलेल्या आजोबांनी ते पाहिलं आणि लाल पेनाने दु पहिला केला.

असाइनमेंटला सरांनी दहापैकी आठ दिले. दोन मार्क उशिरा सबमिट केली म्हणून कापले. रांगेचा नियम, दुसरं काय!