हृदयाची गोळी आणि यकृतातील चरबी

पेणच्या एका गणपती कारखान्यात साचेकाम करणारे ५८ वर्षांचे गृहस्थ छातीत दुखते म्हणून माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. औषधांची पिशवी पाहिली, तर अटोर्वास्टॅटिनची पट्टी जशीच्या तशी! म्हणाले, "डॉक्टर, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी आली. या गोळीनेच लिव्हर खराब होतं असं शेजारी म्हणाले. तीन महिने बंद आहे." रोह्याला मी आठवड्यातून एक दिवस बसतो, तेथेही हाच समज वारंवार ऐकू येतो. चूक थोडी माझीही. ही गोळी यकृतात काय करते, हे मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते.

ईसीजी काढून त्यांना त्याच दिवशी मुंबईला पाठवले. सुदैवाने झटका नव्हता. परतल्यावर त्यांच्याच धंद्याचे उदाहरण दिले. साच्यात शाडू भरला की मूर्ती निघते, पण साच्यात आधीच भलता तुकडा बसला असेल तर? यकृतात कोलेस्टेरॉल घडवणारे एक विकर असते, एचएमजी-कोए रिडक्टेज. स्टॅटिन गोळी नेमकी त्याच्या खाचेत जाऊन बसते आणि उत्पादन घटते. पण पित्त बनवण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल हवेच असते. मग ते आपल्या पेशींवर जास्त 'रिसेप्टर' उभे करून रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ओढून घेते. रक्तातला आकडा उतरतो तो मुख्यतः यामुळे. या रिसेप्टरच्या शोधाबद्दल ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. पहिले स्टॅटिन मात्र त्याआधीच, १९७३ साली, जपानच्या अकिरा एन्डो यांना एका बुरशीत सापडले होते. ती बुरशी क्योटोतील धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची! आपल्या भाताच्या मुलखात याची गंमत वाटावी.

आता सोनोग्राफीतली चरबी. ती मुख्यतः ट्रायग्लिसराइड असते, कोलेस्टेरॉल नव्हे. सुटलेले पोट, मधुमेह, जास्तीची साखर आणि दारू ही तिची नेहमीची कारणे. स्टॅटिनमुळे ती साठत नाही. उलट फॅटी लिव्हर असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक, म्हणजे गोळीची गरजही अधिक. काहींचे एसजीपीटी थोडे वाढते, पण बहुधा आपोआप उतरते. तिपटीपेक्षा जास्त वाढ शंभरात एखाद्याला होते, तेव्हा डॉक्टर डोस बदलतात. यकृताला गंभीर इजा फारच क्वचित होते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्ये दर काही महिन्यांनी यकृताची तपासणी करण्याची अट काढून टाकली. सुरुवातीला एकदा तपासणी पुरे, पुढे गरजेप्रमाणे. कावीळ दिसली, लघवी गडद झाली किंवा स्नायू फार दुखू लागले, तर मात्र लगेच दाखवावे.

शेजाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही, गोळी वेगळी. हृदयाचे ठोके बिघडल्यास देतात ते अमिओडॅरोन यकृतपेशींतील चरबी जाळण्याच्या कामात अडथळा आणते आणि तेथे खरोखरच चरबी साठू शकते. ते बंद केल्यावरही आठवडे, महिने शरीरात राहते. ते घेणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी यकृत व थायरॉइड तपासावे. पण तेही परस्पर बंद करू नये.

आमच्या मूर्तिकारांची गोळी पुन्हा सुरू झाली. चरबीचा उगम शोधताना कळले की हंगामात ते दिवसाला आठ कप गोड चहा घेतात आणि जागचे हलत नाहीत. चहा आता दोन कपांवर आला आहे, असे ते सांगतात.