पत्त्यांतून सावधगिरी



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. संकट सांगून येत नाही, म्हणून घरीच पत्ते करू.

जुन्या लग्नपत्रिकांचे बारा तुकडे कापावेत. चारांवर संकट, चारांवर उपाय, चारांवर फसवा उपाय लिहावा. उदा. ‘साप चावला’ : ‘हलू न देता दवाखान्यात न्या, १०८ लावा’, फसवा : ‘करकचून बांधा’. तसेच वीज, शॉक, उसाची आग.

संकटाची गड्डी मधे उपडी ठेवावी, बाकी वाटावेत. वरचा पत्ता उलटला की बरोबर उपाय टाकणाऱ्याला जोडी मिळेल; फसवा टाकल्यास एक जोडी परत.

आम्ही खेळलो तेव्हा आमच्यातल्याच एकाने ‘करकचून बांधा’ टाकला! पत्त्यात चुकलं तर जोडी जाते, फडात चुकलं तर माणूस.