इंजिनघरांतून आलेली चिठ्ठी

सोलापुरांतील जुन्या कापडगिरण्या आतां बंद पडल्या आहेत. परंतु त्या चालू असतांना, माग कितीहि असोत, इंजिनघरांतून शक्ति आल्यावांचून एकहि धोटा हालत नसे. आपल्या शरीरांतील बहुतेक सर्व पेशींची व्यवस्था अशीच आहे. त्यांतील इंजिनघरांस तंतुकणिका अथवा मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अन्नांतील साखर व स्निग्धांश यांचें प्राणवायूच्या साहाय्यानें ज्वलन करून त्या शक्ति निर्माण करितात.

या कणिकांस स्वतःचा आनुवंशिक लेख असून तो आपणांस मातेकडून मिळतो. १६,५६९ अक्षरांचा हा लेख सन १९८१ मध्यें केंब्रिज येथें संपूर्ण वाचण्यांत आला. त्यांत केवळ तेरा प्रथिनांच्या कृति आहेत, असा समज पुढें रूढ झाला. परंतु सन २००१ मध्यें जपानांत 'ह्युमॅनिन' व सन २०१५ मध्यें अमेरिकेंत 'मॉट्स-सी' या चिमुकल्या पेप्टाइडांचा शोध प्रसिद्ध झाला. मॉट्स-सी अवघ्या १६ अमिनो आम्लांचें आहे. पेशीवर ताण पडला कीं तें केंद्रकांत शिरून जनुकांच्या कामांत फेरफार घडवितें. जणूं इंजिनघरांतून कचेरींत आलेली चिठ्ठीच!

सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, व्यायामानंतर तरुणांच्या स्नायूंतील मॉट्स-सी सुमारें बारापट वाढलेलें आढळलें. तेंच द्रव्य टोंचल्यावर म्हातारे उंदीर पूर्वीहून अधिक धांवूं लागले.

देहांतील या ज्वलनाचा प्रश्न आपल्या घरचाच आहे. पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनीं सन २००४ मध्यें 'लॅन्सेट' पत्रांत स्वतःचेंच उदाहरण दिलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहांत २१.२ टक्के! तेव्हां सडपातळ दिसणें हें निरोगीपणाचें प्रमाण नव्हे. मधुमेह अशा देहांतहि शिरतो.

पालकांस एक विनंति. तारुण्याचें औषध म्हणून मॉट्स-सी विकणारे भेटतील, त्यांस भुलूं नये. उंदरांवर जें घडलें तें मनुष्यावर घडेलच असें नाहीं. औषध म्हणून त्यास मान्यता नाहीं, व खेळाडूंस तें निषिद्ध आहे. आणि दुसरी गोष्ट ही कीं, परीक्षेच्या नांवाखालीं मुलांचा खेळाचा तास हिरावून घेऊं नये. जी चिठ्ठी बाजारांत दाम मोजून घ्यावी लागते, ती धांवणाऱ्या मुलाच्या पेशी स्वतःच लिहीत असतात. देह ही देवानें आपल्या हातीं सोंपविलेली ठेव आहे. ती बसून झिजूं देण्यापेक्षां वापरून राखणें हेंच शहाणपण होय.