फोटोतलं निळं पाणी आणि नागापूरचा काळा दगड

प्रश्न : माझं लग्न येत्या फेब्रुवारीत आहे. आम्ही दोघंही नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आहोत. लग्नानंतर एखाद्या बेटावर जाऊन यायचं ठरतंय. 'हे' मालदीव म्हणतात, माझा भाऊ अंदमान म्हणतो, कंपनीतल्या मैत्रिणीनं मॉरिशस सुचवलंय. पण मला आधी एक शंका विचारायची आहे. आम्ही दोघांनी पाहिलेला समुद्र म्हणजे अलिबाग आणि हरिहरेश्वर. तिथलं पाणी मातकट. मग या बेटांच्या फोटोंतलं निळं पाणी खरंच तसं असतं का? असेल, तर आपल्या कोकणात का नाही? आणि आम्ही नेमकं कुठं जावं?
– एक वाचक भगिनी, नागापूर, जि. अहिल्यानगर

उत्तर : ताई, पहिल्यांदा तुमचं अभिनंदन. आणि शंका फार चांगली विचारलीत. तिचं उत्तर नीट समजलं की कुठं जायचं आणि कधी जायचं हे निम्मं तिथंच ठरतं.

पाणी खरंच निळं असतं. फोटोत थोडा रंग चढवतात हे खरं, पण मूळ रंग पाण्याचाच. उन्हातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं आणि निळा भाग पुढं जाऊ देतं. पेलाभर पाण्यात हे कळत नाही, दोन-चार मीटर खोलीत कळायला लागतं. आता तळाला पांढरी वाळू असेल तर उरलेला निळा-हिरवा उजेड तिच्यावर आपटून वर येतो, म्हणून किनाऱ्याजवळ पाणी फिरोजी दिसतं. पुढं तळ खोल गेला की तेच पाणी गडद निळं होतं. यासाठी दोन गोष्टी लागतात : पाण्यात गाळ नको आणि तळाला पांढरी वाळू हवी.

कोकणात या दोन्हींची अडचण आहे. सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो आणि कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी अशा नद्या घाटाची माती घेऊन थेट खाडीत उतरतात. किनाऱ्याजवळचा समुद्रही उथळ, त्यामुळं भरती-ओहोटी तळाचा चिखल रोज ढवळून काढते. वाळूतही काळ्या दगडाचे कण असतात. हे कोकणाचं वैगुण्य मानू नका. त्याच गाळावर तिथली कोळंबी आणि मासळी पोसते.

मालदीवमध्ये नदी नाहीच. सगळी बेटं मिळून सुमारे १,२००, आणि सगळ्यात उंच नैसर्गिक जागा समुद्रापासून अडीच मीटरसुद्धा नाही. गाळ यायचा कुठून? तिथली वाळू दगड झिजून झालेली नसते, ती प्रवाळांची आणि शिंपल्यांची असते. त्यातली पुष्कळशी पोपटमाशाच्या पोटातून आलेली असते. चोचीसारख्या दातांनी हा मासा प्रवाळ खरवडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि राहिलेला चुना बारीक वाळू करून मागं सोडतो. एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो.

तिथं गेल्यावर एक गंमत करून बघा. जेवणाच्या ताटातली लिंबाची फोड खिशात टाका आणि किनाऱ्यावर चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन तिच्यावर पिळा. बारीक फेस येतो, कान जवळ नेला तर हलकी चुरचुर ऐकू येते. ती चुन्याची आणि आंबट रसाची भेट. नागापूरच्या काळ्या दगडाच्या चुऱ्यावर कितीही लिंबू पिळलं तरी फेस येणार नाही.

आणि त्या काळ्या दगडाचं मालदीवशी नातं आहे, हे मला तुम्हाला सांगायचंच होतं. आपल्या जिल्ह्याखाली जो बेसाल्ट आहे, जो खडी क्रशरवर फुटतो आणि ज्यात विहीर खणताना पार सुरुंग लावावे लागतात, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तेव्हा भारताचा भूखंड पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून उत्तरेकडे सरकत होता. भूखंड पुढं गेला, ती जागा खालून तापतच राहिली आणि समुद्रात ज्वालामुखींची रांग उठत गेली. लक्षद्वीप आणि मालदीव त्याच रांगेवर आहेत. ज्वालामुखी हळूहळू खचले, त्यांच्या कडेला वाढणारे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहिले. शेवटी उरलं ते मध्ये सरोवर आणि भोवती प्रवाळाचं कडं. याला 'अटॉल' म्हणतात आणि हा शब्द मालदीवच्याच दिवेही भाषेतून जगभर गेला. प्रवाळकडी अशी घडतात, हे चार्ल्स डार्विननं १८४२ साली मांडलं होतं. पुढं मॉरिशस त्याच रांगेत उठलं, आणि शेजारच्या रियुनियन बेटावर ती आग अजून धुमसते आहे. म्हणजे तुमच्या घराच्या पायात जो दगड आहे, त्याचीच धाकटी भावंडं मालदीवच्या पांढऱ्या वाळूखाली बुडालेली आहेत.

आता कुठं जायचं. आधी ऋतू बघू.

फेब्रुवारीत मॉरिशसला जाऊ नका. विषुववृत्ताच्या पलीकडे असल्यामुळं तिथं तेव्हा उन्हाळा, दमट हवा आणि चक्रीवादळांचा मोसम असतो. एरवी ते बेट मला फार जवळचं वाटतं. १८३४ पासून मुंबई बंदरातूनही ऊसमळ्यांवर करारानं मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसं होती. त्यांची पतवंडं आजही गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. आपल्याकडं मे महिन्यात ज्यांचं लग्न आहे त्यांनी मॉरिशसचा विचार जरूर करावा. तिथं तेव्हा थंडीची सुरुवात असते, तर मालदीव आणि अंदमानात त्याच सुमाराला मोसमी पाऊस दाखल झालेला असतो.

फेब्रुवारीसाठी मालदीव आणि अंदमान दोन्ही चांगले. समुद्र शांत, आभाळ मोकळं.

मालदीवमध्ये बहुधा एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं तेव्हापासूनची ही पद्धत. भारतीयांना पोहोचल्यावर मोफत व्हिसा मिळतो. पण खोलीचं भाडं बघून हुरळून जाऊ नका. विमानतळापासून बेटापर्यंतची स्पीडबोट किंवा पाण्यावर उतरणारं छोटं विमान याचे पैसे वेगळे. ते छोटं विमान फक्त दिवसाउजेडी उडतं, तुमचं विमान संध्याकाळी पोहोचलं तर एक रात्र मालेजवळ काढावी लागते. भाड्यावर १७ टक्के कर आणि बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवा शुल्क. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर. चार रात्रींचा दोघांचा हा एकच कर ९६ डॉलर होतो. स्थानिक लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस स्वस्त पडतात, पण तिथं मुस्लिम रीत पाळावी लागते : दारू नाही आणि ठरलेला किनारा सोडून कुठंही अंगभर कपडे.

अंदमानला पासपोर्ट लागत नाही. पुण्याहून चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकाता करून श्री विजय पुरमला उतरायचं. सप्टेंबर २०२४ पर्यंत आपण याला पोर्ट ब्लेअर म्हणायचो. चेन्नईपासून पुढं सव्वादोन तास. रात्रीचं विमान असेल तर नागापूरहून दुपारीच निघा, वाघोलीच्या रहदारीत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. श्री विजय पुरमहून बोटीनं दीड-दोन तासांत हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिथला राधानगर किनारा तुम्ही फोटोत पाहिलाच असेल. राधानगर, गोविंदनगर, कृष्णानगर ही नावं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांनी दिली. शेजारच्या नील बेटावर, म्हणजे शहीद द्वीपावर, त्याच लोकांची भाजीपाल्याची शेती आहे आणि गावांची नावं रामायणातली : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर.

तुमच्या जागी मी असतो तर अंदमान निवडलं असतं. खर्च आटोक्यात राहतो हे एक. दुसरं, तिथं बेटाबरोबर गाव आहे, बाजार आहे, माणसं आहेत. लग्न ठरून कितीही महिने झाले असले तरी दोघं सलग पाच दिवस एकत्र पहिल्यांदाच राहणार. चारी बाजूंनी पाणी आणि एक खोली यापेक्षा संध्याकाळी बाजारात जाऊन नारळपाणी पिता येणं बरं.

पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ट्रॅव्हल एजंट जे पाच रात्रींचं पॅकेज पुढं करतात, त्यात रोज बॅग भरायची असते. आज हॅवलॉक, उद्या नील, परवा परत, तेरवा पहाटे तीनला उठून बाराटांग. बाराटांगचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे आणि गाडीच्या काचेतून माणसं बघायला जाणंही बरं नाही, ते वगळाच. तुम्ही पहिली आणि शेवटची रात्र श्री विजय पुरममध्ये आणि मधल्या तीन रात्री हॅवलॉकवर एकाच ठिकाणी काढा. शेवटची रात्र मोठ्या बेटावर हवीच. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळं बोटी बंद झाल्या आणि हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक-नीलवर अडकले, नौदलानं त्यांना बाहेर काढलं. फेब्रुवारीत अशी भीती फार कमी, पण बोट चुकली तर विमान चुकू नये.

मी स्वतः गेलो होतो तेव्हा हॅवलॉकच्या बोटीत समोर एक नवं जोडपं होतं. बोलण्यावरून श्रीगोंद्याकडचं. मुलीच्या नखांच्या कडेला हळद अजून होती. बोट हलायला लागली तशी तिला मळमळायला लागलं. तो एका हातात प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात तिकिटाचा कागद घेऊन तिला वारा घालत होता, घाबरून स्वतःच घामाघूम झालेला. तोवर दोघं एकमेकांना 'अहो', 'ऐका ना' करत होती. धक्क्यावर उतरल्यावर ती त्याला म्हणाली, "गोळी तुझ्याच खिशात होती ना रे?" आणि मग दोघंही हसत बसली. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि बोट सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या, सुटल्यावर घेऊन उपयोग नाही.

घड्याळाचंही सांगतो. अहिल्यानगर आणि अंदमान यांच्या रेखांशात १८ अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्य तिथं ७२ मिनिटं आधी येतो, पण घड्याळ एकच. फेब्रुवारीत साडेपाचलाच सूर्य बुडतो. नऊला उठायची सवय असेल तर निम्मा दिवस गेलाच म्हणून समजा. राधानगरला सूर्यास्त बघायचा तर साडेचारला तिथं असा. खाऱ्या पाण्यातली मगर या बेटांवर आहे, तेव्हा पोहण्यासाठी आखलेल्या जागेबाहेर पाण्यात उतरू नका. स्कूबा करायचं असेल तर सुरुवातीच्या दिवसांत उरका, कारण खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्यानंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नसतं. शंख, प्रवाळ, वाळू काही आणू नका. विमानतळावर तपासणी होते आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

सेल्युलर जेल बघाच. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडं उघडतात, कैद्याला दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसू नये म्हणून. सावरकर बंधू, बाबाराव आणि तात्याराव, इथंच होते आणि एकाच तुरुंगात असून त्यांची भेट व्हायला फार काळ जावा लागला. मधुचंद्राला तुरुंग कशाला, असं कुणी म्हणेल. पण तिथून बाहेर पडताना शेजारच्या माणसाचा हात आपोआप हातात घेतला जातो, मी कितीतरी जोडप्यांना तसं चालताना पाहिलंय.

आता कागदपत्रं. तिकीट तुमच्या आधार कार्डावर आत्ता जे नाव आहे त्याच नावानं काढा, म्हणजे माहेरच्या. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला. मालदीव ठरलंच तर पासपोर्टच्या बाबतीत हेच, आणि त्याची मुदत पुरेशी शिल्लक आहे ना, हे आधी बघून घ्या.

तारखा काढताना लग्नानंतरचे आठ दिवस तरी मोकळे ठेवा. देवदर्शन, जागरण-गोंधळ, सत्यनारायण झाल्याशिवाय घरचे सोडणार नाहीत, आणि त्यांच्या मनाविरुद्ध निघालात तर तुमचंही मन तिथं रमणार नाही. जेजुरी असो, मोहटादेवी असो, जे कुलदैवत असेल ते आधी करून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत तरी शेवटचं एक. हिरवा चुडा घालून पाण्यात उतरायचं का, असं नव्या मुली हमखास विचारतात. काचेची बांगडी बोटीच्या कडेवर किंवा प्रवाळावर आपटली की मनगट कापतं आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. पाण्यात उतरण्याच्या दिवशी दोन्ही हातांत एकेक ठेवा आणि त्यावर रुंद सुती पट्टा गुंडाळा. लांब मंगळसूत्र स्कूबाच्या नळीत अडकतं, ते खोलीच्या लॉकरमध्ये ठेवून आखूड वाटीचं घाला. सासूबाईंना हे निघायच्या आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोटोत हात मोकळे दिसले तरी त्या फोनवर काही विचारणार नाहीत.