तरस : नाव वाईट, काम चांगलं



सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात गटाची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले. उठता उठता एक ताई म्हणाली, "नाल्याच्या कपारीत तरस व्यालंय. माणसं म्हणताहेत, मेलेल्या बकरीत औषध घालून ठेवू." लगेच दुसरी म्हणाली, "घालू द्या बाई! माझ्या दोन्ही शेळ्या कर्जाच्या आहेत."

तिची भीती खोटी नाही. शेळी गेली तर हप्ता थांबतो. पण औषध घालण्याआधी हे जनावर आहे तरी कसं, ते बघू. या महिन्याचा धडा त्यावरच.

आपलं तरस

आपल्याकडे असतं ते पट्टेवालं तरस. जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्यात आणि धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे अनेर धरणाच्या अभयारण्यात ते आढळतं. वजन साधारण ३० ते ३५ किलो. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, म्हणून चाल लंगडी वाटते. अंगावर काळे पट्टे, मानेपासून पाठीपर्यंत आयाळ. दिसायला कुत्र्यासारखं, पण नात्याने ते मांजर आणि मुंगसाच्या जवळचं.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे मेलेलं जनावर. वाघ-बिबट्याने सोडलेली हाडंसुद्धा ते फोडून खातं. हाडातल्या चुन्यामुळे त्याची विष्ठा वाळली की पांढरी दिसते. पूर्वी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडं मेली. २००६ मध्ये त्या औषधावर जनावरांसाठी बंदी आली, पण तोवर गिधाडं फार थोडी उरली होती. आता ती घाण साफ करणारे जे थोडे उरलेत, त्यात तरस आहे.

भित्रं नाही, हुशार

कुत्र्यांनी घेरलं की तरस आधी आयाळ फुलवतं आणि आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. तेवढ्याने भागलं नाही तर मेल्यासारखं पडून राहतं. कुत्री गाफील झाली की उठून पसार! आपण त्याला भित्रं म्हणतो. खरं तर अंगाला जखम न होऊ देता जीव वाचवायची ही युक्ती आहे.

ते बहुतेक रात्री आणि एकटंच फिरतं. पण एकटं म्हणजे नातं नसलेलं नाही. शेपटीखालच्या ग्रंथीतला वास ते गवताला लावून जातं. मागून येणाऱ्या तरसाला त्यावरून कळतं, कोण येऊन गेलं. मादी साधारण तीन महिन्यांनी विते, एक ते चार पिल्लं होतात. पिल्लं महिन्याची झाली की आई तोंडात धरून खाणं बिळापर्यंत आणते. आधीच्या वेताची मोठी पिल्लंही धाकट्यांसाठी खाणं आणताना दिसली आहेत. थोरली लेक धाकट्यांना सांभाळते, तसंच हे.

आफ्रिकेतली चुलत बहीण

आफ्रिकेत ठिपकेवालं तरस असतं. त्याचं तर मोठं खटलं असतं, कधी कधी ८० जणांचंसुद्धा, आणि त्यात चालतं बायकांचं! आईचा जो मान, तोच लेकीला मिळतो. नर मोठा झाला की दुसऱ्या कळपात जातो आणि तिथे सगळ्यात खालच्या पायरीवर बसतो.

अमेरिकेत क्रिस्टीन ड्रिया या शास्त्रज्ञ बाईंनी पाळलेल्या ठिपकेवाल्या तरसांची परीक्षा घेतली. दोन दोर टांगले. दोन्ही एकाच वेळी ओढले तरच खाणं खाली पडणार. कुणी शिकवलं नव्हतं, तरी तरसांच्या जोड्यांनी ते जमवलं. जोडीदार नवखा असला तर जाणतं तरस त्याच्या कलाने घ्यायचं. हा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. नवख्या बाईला गटाचं वही-लेखन शिकवताना आपणही हेच करतो, नाही का?

मग शेळीचं काय?

तरस कधी कधी शेळी, करडू, कुत्रं उचलतं, हे लपवायचं कारण नाही. म्हणून :

१. रात्री शेळ्या बंद वाड्यात ठेवा. नुसती काट्यांची वई पुरत नाही. जाळी आणि दार हवं.
२. मेलेलं जनावर वस्तीजवळ टाकू नका. त्या वासाने तरस येतं.
३. लहान मुलांना रात्री उघड्यावर एकटं झोपवू नका.
४. बिळाजवळ जाऊ नका, धूर करू नका. पिल्लांची आई अंगावर येऊ शकते.
५. पायाचा ठसा बघा. तरसाच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या ठशात उमटत नाहीत. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो.
६. तरसाने शेळी मारली तर वन विभागाकडून भरपाई मिळते. ४८ तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत शेळी हलवू नका. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६.

औषध मात्र कधीच नको. ते तरस खाईल, तसं गावातलं कुत्रंही खाईल, उरलंसुरलं गिधाडही खाईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तरस मारणं गुन्हा आहे. तरसाच्या दाताने, कातड्याने करणी उतरते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याने करणी उतरत नाही, घरावर केस मात्र होते.

त्या गावात पुढे काय झालं? पशुसखीने १९२६ ला फोन लावला. वनरक्षक येऊन बीळ बघून गेले आणि त्या बाजूला कुणी जाऊ नका असं सांगून गेले. गटाने दोन्ही शेळ्यांच्या वाड्याला जाळी बसवायला अंतर्गत कर्ज दिलं. कर्जाच्या शेळ्या वाड्यात आहेत, हप्ता वेळेवर येतोय.

बैठकीत बोलूया

- आपल्या गावात मेलेलं ढोर कुठे टाकतात? वस्तीपासून किती लांब?
- गटातल्या किती जणींच्या वाड्याला दार आणि जाळी आहे?
- भरपाईचा अर्ज भरायला कोण मदत करेल? तिचं नाव आजच वहीत लिहा.