ठाऊक असूनही न बोललेले उत्तर



प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा सहाबांना विचारले की, ज्याची पाने गळत नाहीत आणि ज्याची उपमा मुसलमानाला शोभते, असे झाड कोणते? वयाने लहान असलेल्या हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात उत्तर आले होते: खजुराचे झाड. परंतु हजरत अबू बकर (रजि.) आणि आपले वडील हजरत उमर (रजि.) गप्प आहेत, हे पाहून ते संकोचले. पुढे हजरत उमर (रजि.) यांना हे कळले, तेव्हा ‘तू बोलला असतास तर मला फार आनंद झाला असता’ अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे.

ज्ञान होते, पण ते ओठांवर आले नाही. परीक्षेचे गुण ज्ञान मोजतात. हा संकोच कोण मोजणार?

1996 साली फ्रायमिअर, शुलमन व हाउसर या अमेरिकी अभ्यासकांनी त्यासाठी एक प्रश्नावली मांडली. ती तीन गोष्टी तपासते. पहिली अर्थपूर्णता: जे शिकतो ते मला मोलाचे वाटते का? दुसरी क्षमता: हे मला जमेल, असा विश्वास आहे का? तिसरी प्रभाव: माझ्या बोलण्याने वर्गात काही फरक पडतो का? या तिन्हींची केवळ बेरीज पाहू नये. क्षमतेचा विश्वास असूनही ज्याचे कोणी ऐकत नाही, त्या मुलाला शिकवणी नव्हे, संधी हवी असते.

आपल्या जालना जिल्ह्यात अनेक मुस्लिम घरांत उर्दू किंवा दखनी बोलली जाते. असे मूल मराठी शाळेत गेले की उत्तर येत असूनही ‘ळ’चा उच्चार चुकेल, मुले हसतील, या भीतीने हात वर करीत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा मारहाण व मानसिक छळ यांना मनाई करतो, तसेच मुलाला भयमुक्त ठेवून मोकळेपणाने मत मांडण्यास साहाय्य करावे, असेही सांगतो.

शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी शिक्षकांच्या संमतीने हे तीन प्रश्न सोप्या भाषेत मुलांना विचारावेत. कागदावर नाव नसावे. ‘नेहमी, कधी कधी, कधीच नाही’ एवढेच पर्याय पुरेत. कागद वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत, कारण भ्यालेले मूल नेहमी गोड उत्तर लिहिते. हेतू शिक्षकांना दोषी ठरवण्याचा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे आणि फरक पाहावा.

हेच माप आपल्या मकतबला आणि घरालाही लावावे. आपली मुलगी जेवताना प्रश्न विचारते, तेव्हा आपण तिला गप्प करतो का? उस्तादांचा अदब आवश्यकच आहे. पण अदब म्हणजे भय नव्हे. हजरत उमर (रजि.) ज्येष्ठांच्या बैठकीत तरुण इब्ने अब्बास (रजि.) यांना बसवीत, त्यांचे मत विचारीत आणि स्वतःला कमी न लेखता बोलण्यास सांगत.

अल्लाह आपल्या मुलांना उपयुक्त ज्ञान आणि ते मांडण्याचे धैर्य देवो. आमीन.