वेतनमर्यादा आणि तरुण खेळाडू

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला वार्षिक मर्यादा असते. धनाढ्य संघांनीच सारे उत्तम खेळाडू पदरी बाळगू नयेत, हा तिचा हेतू होय. मात्र स्वतःचा खेळाडू राखण्यासाठी संघाला काही अटींवर ही मर्यादा ओलांडता येते. पहिला करार संपलेला तरुण खेळाडू बहुधा ‘मर्यादित मुक्त’ ठरतो; म्हणजे दुसरा संघ त्याला प्रस्ताव देऊ शकतो, परंतु तोच करार मान्य करून त्याला ठेवून घेण्याचा हक्क मूळ संघाकडे राहतो.

हा हक्क नेहमीच उपयोगी पडत नसे. २००३ साली गिल्बर्ट अरिनास या खेळाडूला वॉशिंग्टनच्या संघाने मोठा प्रस्ताव दिला. तो केवळ दोन वर्षे खेळलेला असल्याने गोल्डन स्टेट या मूळ संघाची सवलत तोकडी पडली आणि खेळाडू हातचा गेला. म्हणून संघमालक व खेळाडू यांच्यातील २००५ च्या करारात नवा नियम आला. अशा खेळाडूला देऊ केलेल्या पहिल्या वर्षाच्या वेतनावर बंधन पडले, दुसऱ्या वर्षाची वाढही अल्प ठरली. तिसऱ्या वर्षी मात्र मोठ्या वाढीस मुभा राहिली.

या मुभेतच पुढील डावपेचाचे बीज होते. २०१२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क निक्सचा जेरेमी लिन एकाएकी प्रसिद्धीस आला. जुलैमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला तीन वर्षांसाठी सुमारे २ कोटी ५१ लाख डॉलर देऊ केले: पहिल्या वर्षी ५० लाख, दुसऱ्या वर्षी सुमारे ५२ लाख आणि तिसऱ्या वर्षी तब्बल १ कोटी ४९ लाख. वेतनमर्यादेत जागा असलेल्या ह्यूस्टनच्या हिशेबात दरवर्षी सरासरी, म्हणजे सुमारे ८४ लाख, धरली जाणार होती. न्यूयॉर्कच्या खात्यावर मात्र प्रत्यक्ष आकडेच पडले असते. शिवाय तिसऱ्या वर्षी त्या संघाचे इतर मोठे करार चालूच असल्याने जादा वेतनखर्चावरील चढत्या दराचा करही भरावा लागला असता. निर्णयास अवधी तीनच दिवसांचा होता. १७ जुलैला निक्सने हक्क सोडला. त्याच उन्हाळ्यात शिकागोचा ओमर आशिकही अशाच प्रस्तावाने ह्यूस्टनला मिळाला.

मूळ संघाच्या रक्षणासाठी केलेला नियम अशा रीतीने त्याच्याच विरुद्ध वापरला गेला. कोणत्याही नियमाचा विचार करताना त्याचा हेतू पाहणे पुरेसे नसते. त्याचा भार कोणाच्या हिशेबात आणि कोणत्या वर्षी पडतो, हेही पाहावे लागते.